काढण्याआधी ओळखा: जुन्या कॉम्प्युटरमधून कामाचे पार्ट कसे काढायचे आणि कसे ओळखायचे

जुना कॉम्प्युटर हातात आला की बहुतेक जण काय करतात, तर हॉट एअर घेतात, बोर्ड तापवतात, जे निघेल ते उपटून डब्यात टाकतात आणि मग सहा महिन्यांनी त्या डब्यात बोट फिरवत बसतात की हा तीन पायांचा काळा पार्ट नक्की काय होता. माझं म्हणणं एकच आहे आणि या अख्ख्या लेखात तेच परत परत येणार आहे: पार्ट बोर्डवर बसलेला असतो तोपर्यंत त्याच्याबद्दल जवळपास सगळं कळू शकतं. शेजारी नंबर छापलेला असतो, तो कुठल्या वायरला जोडलाय ते दिसतं, किती व्होल्टच्या लाईनवर होता ते मोजता येतं. एकदा काढला की ही सगळी माहिती गेली. म्हणून आधी ओळखा, लिहून ठेवा, फोटो काढा, मग सोल्डरिंग आयर्न गरम करा.

आणि त्याच्याही आधी एक गोष्ट बघा, ते मशीन चालतंय का. चालणारा २८६, ३८६, ४८६ किंवा आयसा स्लॉटची (मदरबोर्डवरच्या जुन्या पद्धतीच्या लांब खाचेची) जुनी साउंड कार्डं फोडू नका. यामाहाची वायएमएफ२६२ म्हणजे ओपीएल३ चिप असलेलं चालू कार्ड हे चार कपॅसिटर आणि दोन क्रिस्टलसाठी तोडायची वस्तू नाहीच, ते तसंच्या तसं वापरणारी लोकं आहेत, त्यांना द्या. मेलेलं मशीन, जळालेला बोर्ड, तुटलेला स्लॉट, असं काही असेल तर पुढे वाचा.

आधी जीव, मग पार्ट

कॉम्प्युटरमधला सगळ्यात श्रीमंत भाग म्हणजे पॉवर सप्लाय, ज्याला सगळे एसएमपीएस म्हणतात, आणि सगळ्यात धोक्याचा पण तोच. २३० व्होल्टची मेन्स सरळ रेक्टिफाय होऊन आत साधारण ३२५ व्होल्ट डीसी तयार होतं आणि ते मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतं. जुन्या सप्लायमध्ये २०० व्होल्टचे दोन कपॅसिटर सिरीजमध्ये असतात, नवीन अॅक्टिव्ह पीएफसीवाल्यात (मेन्समधून करंट नीट खेचणारं जादा सर्किट असलेल्यात) ४०० ते ४५० व्होल्टचा एकच मोठा असतो आणि त्याच्यावर चालू असताना ३८० च्या आसपास व्होल्ट असतात. प्लग काढला म्हणजे ते रिकामं झालं असं अजिबात नाही. रिकामं करायला आत ब्लीडर रेझिस्टर दिलेले असतात पण आपण उघडतोय तो सप्लाय बिघडलेला आहे, त्यातला नेमका ब्लीडरच उघडा पडलेला असू शकतो, त्यामुळे भरवसा ठेवायचा नाही.

पद्धत अशी. प्लग काढा, थोडा वेळ थांबा, झाकण उघडा, बोर्डच्या खालच्या बाजूला हात लावू नका. मल्टिमीटर डीसीच्या ६०० किंवा १००० व्होल्टच्या रेंजला लावून मोठ्या कपॅसिटरच्या दोन्ही पायांवर मोजा. व्होल्टेज दिसलं तर १० किलोओहम, १० वॅटचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टर घ्या, त्याला इन्सुलेशन असलेल्या दोन वायरी जोडा आणि मिनिटभर कपॅसिटरच्या पायांना लावून धरा, दोन कपॅसिटर असतील तर दोन्हींना वेगवेगळं. मग परत मोजा. पाच मिनिटांनी अजून एकदा मोजा, कारण मोठा कपॅसिटर मोकळा केल्यावरही थोडे व्होल्ट स्वतःहून परत दाखवतो. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढणारे खूप दिसतात, ते करू नका, कपॅसिटरची आतली जोडणी खराब होते, वितळलेलं धातू उडतं, आणि ज्या पार्टसाठी आपण एवढं करतोय तोच आपण बिघडवतो.

जुना काचेच्या नळीचा मॉनिटर असेल तर तो सोडून द्या. ट्यूबच्या अॅनोडवर २० हजार व्होल्टच्या वर असतं आणि ती काच स्वतःच कपॅसिटरसारखी चार्ज धरून ठेवते, शिवाय आत व्हॅक्यूम. शिकायला सुरुवात करायची ही जागा नव्हे. तसंच लॅपटॉपचा फुगलेला बॅटरी पॅक, तो उघडायचा नाही, टोचायचा नाही. आणि जुन्या एलसीडीच्या मागे ट्यूबलाईटसारखी बारीक काचेची नळी असते तिच्यात पारा असतो, फोडू नका.

एसएमपीएस वाचायचा कसा

हा भाग नीट समजून घ्या कारण एकदा जमला की कुठलाही सप्लाय, अडॅप्टर, चार्जर तुम्हाला असाच वाचता येतो. बोर्ड उलटा करा. मधून एक रुंद पट्टा दिसेल जिथे तांबं अजिबात नाही. पट्ट्याच्या एका बाजूला मेन्स, दुसऱ्या बाजूला आपले १२ आणि ५ व्होल्ट. तो पट्टा ओलांडणारे पार्ट मोजकेच असतात: ट्रान्सफॉर्मर, ऑप्टोकपलर (उजेडाने सिग्नल पलीकडे पाठवणारी चिप) आणि एखादा निळा वाय कपॅसिटर (मेन्ससाठीच बनवलेला सुरक्षित प्रकार). म्हणजे चार पायांची काळी किंवा पांढरी छोटी चिप त्या पट्ट्यावर आडवी बसली असेल तर नंबर न वाचता पण सांगता येतं की हा ऑप्टोकपलर, बहुतेक पीसी८१७ किंवा त्याचा भाऊ ईएल८१७. हे असं जागेवरून ओळखणं जमलं पाहिजे, कारण नंबर बरेचदा पुसलेला असतो किंवा गोंदाखाली असतो.

आता मेन्सच्या बाजूने चालत या. पहिला फ्यूज. मग पिवळा किंवा राखाडी चौकोनी डबीसारखा एक्स२ कपॅसिटर, त्याच्यावर २७५ व्होल्ट एसी लिहिलेलं असतं. मग दोन वेटोळी एकाच कोअरवर असलेला कॉमन मोड चोक. एक्स२ कपॅसिटर वापरता येतो पण मोजून घ्या, हे वर्षानुवर्षं मेन्सवर राहून हळूहळू कॅपॅसिटी गमावतात, छापलेल्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांच्या वर कमी भरला तर टाकून द्या. आणि मेन्सवर एक्स किंवा वाय कपॅसिटरच्या जागी साधा कपॅसिटर कधीच लावू नका.

पुढे गोल चकतीसारखे दोन पार्ट येतात ज्यात सगळे गोंधळतात. एक एनटीसी थर्मिस्टर, दुसरा एमओव्ही म्हणजे व्हॅरिस्टर. आकार सारखा, कधी कधी रंग पण सारखा. ५डी-११ असं लिहिलं असेल तर ५ ओहमचा, ११ मिलिमीटर व्यासाचा एनटीसी. १०डी४७१ लिहिलं असेल तर १० मिलिमीटरचा, ४७० व्होल्टचा व्हॅरिस्टर. अक्षरं पुसली असतील तर मीटर ओहमवर लावा: एनटीसी थंड असताना काही ओहम दाखवतो आणि बोटात धरून गरम केला की आकडा खाली येतो, व्हॅरिस्टर काहीच दाखवत नाही, सरळ ओपन, म्हणजे जोडणीच नसल्यासारखा. एनटीसी ठेवा, व्हॅरिस्टर ठेवू नका, प्रत्येक सर्जला तो थोडा थोडा खराब होत असतो आणि बाहेरून ते कळत नाही.

मग ब्रिज रेक्टिफायर, चार पायांचा एकच पार्ट किंवा १एन५४०६, १एन५४०८ असे चार जाडे डायोड. मग ते मोठे कपॅसिटर. मग अॅल्युमिनियमच्या हीटसिंकवर स्क्रूने बसवलेले स्विचिंग ट्रान्झिस्टर. जुन्या सप्लायमध्ये हे बरेचदा १३००७ किंवा १३००९ असतात, दोन्ही ४०० व्होल्टचे एनपीएन, पहिला ८ अँपिअर, दुसरा १२ अँपिअर. नवीन सप्लायमध्ये तिथे ५००-६०० व्होल्टचे एन चॅनल मॉसफेट (व्होल्टेजने चालू-बंद होणारे ट्रान्झिस्टर, पाय गेट, ड्रेन, सोर्स) येतात. स्क्रू काढताना मधला अभ्रकाचा किंवा सिलिकॉनचा पातळ कागद आणि स्क्रूभोवतीचा प्लास्टिक वॉशर पण जपून ठेवा, ते वेगळे आणायला गेलं की हमखास सापडत नाहीत.

पट्टा ओलांडून या बाजूला आलात की दुसऱ्या हीटसिंकवर परत तीन पायांचे तसेच दिसणारे पार्ट असतात, आणि इथे नवीन माणूस त्यांना ट्रान्झिस्टर समजतो. ते डबल शॉटकी डायोड (कमी व्होल्टेज खाणारे दोन डायोड एकाच पॅकेजमध्ये) असतात, मधला पाय कॅथोड, बाजूचे दोन अॅनोड, आणि मागचा धातूचा पत्रा मधल्या पायालाच जोडलेला. मीटर डायोड मोडला लावा, काळी प्रोब मधल्या पायाला, लाल प्रोब बाजूच्या एकेका पायाला. दोन्हीकडे ०.१५ ते ०.३ च्या आसपास सारखाच आकडा आला आणि उलट केल्यावर ओपन दाखवलं तर शॉटकी आहे आणि चांगला आहे. ०.४ च्या वर आला तर तो फास्ट रिकव्हरीवाला असण्याची शक्यता जास्त, १२ व्होल्टच्या लाईनवर जुन्या सप्लायमध्ये तो असतो. एमबीआर२०४५ सारखा नंबर असेल तर वाचायला सोपं आहे, २० अँपिअर ४५ व्होल्ट. ५ व्होल्टच्या लाईनवरचा डायोड सगळ्यात दणकट असतो आणि सोलर पॅनलच्या किंवा बॅटरीच्या कामाला हा सोन्यासारखा पार्ट आहे, मी तर मेलेला सप्लाय मिळाला की आधी हाच काढतो.

त्याच्या पुढचं पिवळ्या रंगाचं, एका बाजूने पांढरं जाड वेटोळं म्हणजे आउटपुटची कॉईल. कोअर लोखंडाच्या भुकटीचा असतो, २६ नंबरचं मटेरियल म्हणतात त्याला. फिल्टरच्या कामाला उत्तम, पण रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या सर्किटसाठी वापरू नका, तापतो नुसता. वरची तांब्याची वायर उलगडून घेता येते, जाड आणि लांब निघते.

कंट्रोलची चिप जुन्यात टीएल४९४ किंवा केए७५००, या दोन्ही एकमेकींच्या जागी चालतात आणि स्वतःचा कन्व्हर्टर बनवायला झकास आहेत. शेजारी १४ पायांची एलएम३३९ असते, ती पण ठेवा. आणि मग ते छोटे तीन पायांचे काळे, पुढून चपटे, टीओ-९२ पॅकेजचे. इथे सावध राहा. टीएल४३१ अगदी ट्रान्झिस्टरसारखाच दिसतो पण तो व्होल्टेज रेफरन्स आहे, ऑप्टोकपलरच्या जवळपास सापडतो. बाकीचे सी९४५, ए७३३, सी१८१५ वगैरे. हे जपानी नंबर आहेत, पुढचं २एस गाळून छापतात, म्हणजे सी९४५ म्हणजे खरा २एससी९४५, आणि डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) शोधताना पूर्ण नंबर टाका. मुख्य म्हणजे पायांचा क्रम: चपटी बाजू आपल्याकडे केली तर सी९४५ चे पाय डावीकडून एमिटर, कलेक्टर, बेस असे येतात आणि २एन३९०४ चे एमिटर, बेस, कलेक्टर. दोन्ही साधे एनपीएन, पण एकाच्या जागी दुसरा सरळ बसवला की सर्किट चालत नाही आणि माणूस दिवसभर दोष शोधत बसतो.

उणे व्होल्टच्या लाईनवर कधी कधी ७९०५ किंवा ७९१२ रेग्युलेटर मिळतो. ७८०५ चे पाय इनपुट, ग्राउंड, आउटपुट असतात, ७९०५ चे ग्राउंड, इनपुट, आउटपुट, आणि त्याचा मागचा पत्रा इनपुटला जोडलेला असतो. म्हणजे तो ग्राउंडच्या हीटसिंकवर तसाच कसायचा नाही.

वायरी कापताना कनेक्टर वायरीसकट ठेवा. रंग बहुतेक सप्लायमध्ये ठरलेले आहेत: पिवळी १२, लाल ५, केशरी ३.३, जांभळी ५ व्होल्ट स्टँडबाय, निळी उणे १२, काळी ग्राउंड, हिरवी ग्राउंडला लावली की सप्लाय चालू होतो. सप्लाय चालत असेल तर मात्र तोडायचा कशाला, तो तसाच टेबलावर वापरा.

मदरबोर्ड

इथे आधी बोर्डवरची छापील अक्षरं वाचायची. आर म्हणजे रेझिस्टर, सी कपॅसिटर, एल कॉईल, डी डायोड, क्यू ट्रान्झिस्टर किंवा मॉसफेट, यू म्हणजे आयसी, वाय किंवा एक्स क्रिस्टल, एफ फ्यूज, एफबी फेराइट बीड, आरएन रेझिस्टर नेटवर्क. हे एवढं महत्त्वाचं का, तर एसओटी-२३ नावाचं तीन पायांचं तांदळाएवढं पॅकेज घ्या. ते ट्रान्झिस्टर असू शकतं, मॉसफेट असू शकतं, आत दोन डायोड असू शकतात, रेग्युलेटर पण असू शकतो, आणि वर फक्त दोन-तीन अक्षरांचा कोड. बाजूला क्यू लिहिलंय का डी लिहिलंय यावरून अर्धा शोध तिथेच संपतो. ७०२ कोड दिसला तर २एन७००२ मॉसफेट, १एएम दिसला तर एमएमबीटी३९०४ म्हणजे २एन३९०४ चाच छोटा अवतार. हे दोन मदरबोर्डवर ढिगाने असतात. पण कोड एकच आणि कंपन्या दोन असंही होतं, म्हणून कोड, जागा आणि मीटर तिन्ही जुळले तरच नाव लिहा.

खरा माल सीपीयूच्या सॉकेटभोवती आहे. तिथे चौकोनी किंवा गोल कॉईलची रांग असते, प्रत्येक कॉईलला दोन-तीन चपटे मॉसफेट. आधी सीपीयू काढून ठेवा, नाहीतर कॉईलची आउटपुट बाजू ग्राउंडला शॉर्ट असल्यासारखी बीप देते आणि गोंधळ होतो. मग मीटर बीपवर लावून एक प्रोब चार पिनच्या १२ व्होल्ट कनेक्टरच्या पिवळ्या वायरच्या पिनवर ठेवा, दुसरी एकेका मॉसफेटच्या मोठ्या पत्र्याला लावत जा. ज्याचा पत्रा १२ व्होल्टला बीप देतो तो वरचा मॉसफेट, कधी मध्ये एक छोटी कॉईल असते तरी बीप येतोच. आता प्रोब ग्राउंडला ठेवा आणि ज्याचा सोर्सचा पाय ग्राउंडला आणि पत्रा मोठ्या कॉईलला जातो तो खालचा. खालचे बहुधा जास्त दणकट, रेझिस्टन्स काही मिलिओहमच. साधारण २५-३० व्होल्टचे असतात, आणि गेटला ५ व्होल्ट दिले तरी चांगले चालू होतात, म्हणून ५ व्होल्टच्या आर्डुइनोवरून एलईडी पट्टी, मोटर, हीटर चालवायला यांच्यासारखे पार्ट नाहीत. ३.३ व्होल्टवर चालतील का ते मात्र डेटाशीट बघूनच ठरवा.

कॉईलवर आर३३ लिहिलं असेल तर ०.३३ मायक्रोहेन्री, १आर० म्हणजे १, १५० म्हणजे १५.

कपॅसिटरबद्दल माझं मत कडक आहे. साधारण १९९९ ते २००७ या काळात खराब इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर हजारो बोर्डांवर गेले, वर फुगलेले, तपकिरी डाग पडलेले. त्या काळच्या मदरबोर्डवरचा ओला इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे ज्याच्या डोक्यावर फुलीसारखी खाच असते तो, चांगला दिसला तरी घेऊ नका, काही खालून गळतात आणि वरून सपाटच दिसतात. नवीन बोर्डवरचे डोकं गुळगुळीत असलेले पॉलिमर कपॅसिटर जरूर घ्या, पण त्यांचं व्होल्टेज बघा, सीपीयूजवळचे २.५ किंवा ६.३ व्होल्टचे असतात, १२ व्होल्टच्या सर्किटमध्ये टाकले की गेले.

पट्टीची बाजू इथेच सांगतो कारण चूक झाली की पार्ट फुटतो. उभ्या गोल इलेक्ट्रोलिटिकवर पट्टी म्हणजे मायनस. पत्र्याच्या छोट्या एसएमडी (भोकाशिवाय बोर्डच्या वरच सोल्डर होणाऱ्या) डब्यांवर काळा किंवा रंगीत अर्धगोल म्हणजे मायनस. पण पिवळ्या किंवा काळ्या चौकोनी टँटलमवर पट्टी म्हणजे प्लस. उलटा लावलेला टँटलम पेट घेतो, नुसता खराब होत नाही. डायोडवर पट्टी म्हणजे कॅथोड.

एसएमडी रेझिस्टर वाचता आले पाहिजेत, काढायला हवेत असं नाही. १०३ म्हणजे १० वर तीन शून्य, १० किलोओहम. १००२ पण १० किलोओहमच. ४आर७ म्हणजे ४.७ ओहम. ०१सी दिसलं तरी १० किलोओहम, ती एक टक्क्याची वेगळी कोड पद्धत, ०१ म्हणजे १०० आणि सी म्हणजे गुणिले १००. सिरॅमिक कपॅसिटरवर १०४ असेल तर १०० नॅनोफॅरड. एसएमडी सिरॅमिकवर काहीच छापलेलं नसतं, काढून मोजावं लागतं, त्यात वेळ जातो, मी फक्त मोठे घेतो.

नाण्याच्या बॅटरीजवळची बारीक नळकांडी म्हणजे ३२.७६८ किलोहर्ट्झचं घड्याळाचं क्रिस्टल, २ चा पंधरावा घात, म्हणून सेकंदाला भागायला सोपं. लॅनच्या चिपजवळ २५ मेगाहर्ट्झ. जुन्या बोर्डवर १४.३१८ हमखास.

बायॉस चिप आठ पायांची, नंबरात २५ ने सुरू होणारा तुकडा शोधा. २५क्यू६४ म्हणजे ६४ मेगाबिट, म्हणजेच ८ मेगाबाइट. सीएच३४१ए प्रोग्रामरने वाचता लिहिता येते. बहुतेक ३.३ व्होल्टच्या असतात पण काही नवीन १.८ च्या आहेत, नंबर तपासल्याशिवाय प्रोग्रामरला लावू नका. चिपसेट, सीपीयू, खाली गोळे असलेल्या चिपा, रॅमच्या चिपा, यांच्या मागे लागू नका, घरच्या प्रोजेक्टमध्ये त्यांचा काही उपयोग करता येत नाही.

बहुतेक आयसींवर चार आकडी तारीख असते, ९६३४ म्हणजे १९९६ चा ३४ वा आठवडा. हा आकडा पार्ट नंबर समजून शोधू नका. एक नंबरचा पाय ठिपक्याजवळ किंवा खाचेच्या डावीकडे, तिथून घड्याळाच्या उलट दिशेने मोजायचं.

सॉकेट, जंपर, हेडर पिना, ऑडिओ जॅक, बझर, बॅटरी होल्डर हे काढायला कंटाळवाणे पण वापरायला सगळ्यात जास्त. ३८६ च्या काळातल्या बोर्डवर निळी किंवा हिरवी नळीसारखी निकेल कॅडमियम बॅटरी असेल तर आधी ती कापून टाका. गळून तांबं खाते आणि आसपासचे पार्ट घेण्यालायक राहत नाहीत.

ड्राइव्ह आणि फॅन

हार्डडिस्क उघडायला टी८ आणि टी६ टॉर्क्स लागतो, एक स्क्रू लेबलखाली लपलेला असतो. आतले निओडिमियम मॅग्नेट दोन असतील तर एकमेकांपासून लांब ठेवा, बोट मध्ये आलं तर कातडी फाटते आणि मॅग्नेटचे तुकडे उडतात. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कची तबकडी बहुतेक काचेची असते, वाकवायला जाऊ नका. फिरवणारी मोटर तीन फेजची आहे, सरळ डीसी दिला तर फिरत नाही. चार वायरी असतील तर कॉमन ओळखायची युक्ती: कॉमनपासून बाकी तिघींना रेझिस्टन्स सारखा येतो, आणि त्या तिघींमध्ये एकमेकींत त्याच्या दुप्पट. मीटरच्या प्रोबचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा करायला विसरू नका, इथले आकडे एक-दोन ओहमचेच असतात.

डीव्हीडी ड्राइव्हमध्ये ट्रेची साधी डीसी मोटर, लिमिट स्विच आणि लेझर सरकवणारी चार वायरींची स्टेपर मोटर मिळते, छोट्या प्लॉटरसाठी लोक हीच वापरतात. लेझर डायोड मात्र राहू द्या. डीव्हीडी रायटरचा ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर डोळा कायमचा घालवू शकतो आणि सीडीचा ७८० नॅनोमीटरचा तर नीट दिसतही नाही, म्हणजे डोळे मिटायची प्रतिक्रियाच येत नाही.

फॅनची तिसरी वायर टॅकोची म्हणजे वेग सांगणारी, एका फेऱ्यात दोन पल्स, ओपन कलेक्टर आउटपुट, तेव्हा बाहेरून पुलअप रेझिस्टर (त्या वायरपासून प्लसपर्यंत) लावा.

काढायचं कसं

बोर्ड कधीचा आहे ते बघा. युरोपात रोहस नियम (शिसं वगैरे विषारी पदार्थांवर निर्बंध) १ जुलै २००६ पासून लागू झाला आणि त्याच्यानंतरचे बोर्ड जवळपास सगळे शिसं नसलेल्या सोल्डरचे. जुनं ६३-३७ सोल्डर १८३ अंशाला वितळतं, नवीन २१७ च्या पुढे. म्हणून नवीन बोर्डवर आधी प्रत्येक पायाला थोडं जुनं शिसंवालं सोल्डर आणि फ्लक्स लावा, दोन्ही मिसळलं की लवकर पातळ होतं आणि मग पंप मारला तर भोक एका दमात रिकामं होतं. कोरड्या जॉइंटवर पंप मारत बसण्यात काही अर्थ नाही. ग्राउंडला जोडलेला पाय नेहमी त्रास देतो कारण आतला तांब्याचा थर सगळी उष्णता ओढून घेतो, तिथे जाड बिट वापरा, तापमान वाढवत बसू नका.

एसएमडीसाठी हॉट एअर ३५० च्या आसपास, पण सुरुवातीला लांबून आख्खा भाग हळूहळू गरम करा. वर्षानुवर्षं पडलेल्या चिपा हवेतला ओलावा धरतात आणि एकदम तापवलं तर पॅकेज आतून तडकतं, बाहेरून काही दिसत नाही. पार्ट चिमट्याने हलकेच ढकलून बघा, हलला की उचला, ओढून काढला तर खालचा पॅड सोबत येतो. बोर्ड टेबलावर आपटून सोल्डर उडवायची पद्धत आहे खरी, पण गरम सोल्डर डोळ्यात जातं, चष्मा नसेल तर नकोच, आणि तसं आपटल्यावर सगळे पार्ट एकत्र होतात म्हणजे आपलं ओळखण्याचं सगळं काम वाया. खिडकी उघडी, पंखा धूर बाहेर ओढेल असा, आणि काम झाल्यावर खाण्याआधी साबणाने हात.

मग परत मोजा

काढताना उष्णतेने पार्ट मरू शकतो, म्हणून बोर्डवर मोजलं होतं तरी परत मोजायचं. मॉसफेट डायोड मोडवर: गेटपासून दोन्हीकडे काहीच नको, सोर्सला लाल आणि ड्रेनला काळी लावली की आतल्या डायोडचा ०.४ ते ०.६ येतो. आता काळी सोर्सवर ठेवून लाल क्षणभर गेटला टेकवा आणि परत ड्रेनवर आणा, मॉसफेट चालू झालेला दिसेल. तिन्ही पाय बोटाने एकत्र धरले की बंद. हे सगळं झालं तर पार्ट चांगला. उच्च व्होल्टेजवाल्याला मीटरचे व्होल्ट पुरत नाहीत कधी कधी, त्याच्यावर लगेच मेला असा शिक्का मारू नका.

एटीमेगा३२८ वर चालणारा छोटा कंपोनंट टेस्टर मिळाला तर घ्याच, पायांचा क्रम, कॅपॅसिटी, ईएसआर (कपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स) सगळं दाखवतो. फक्त कपॅसिटर लावायच्या आधी प्रत्येक वेळी मोकळा करायचा, चार्ज असलेला लावला की टेस्टरचीच चिप जाते.

ठेवताना पुडीवर चार गोष्टी लिहा: नंबर, काय आहे, कुठल्या बोर्डच्या कुठल्या जागेवरून काढला, मोजल्यावर काय आलं. मॉसफेट आणि आयसी काळ्या फोमवर किंवा अँटीस्टॅटिक पिशवीत. नंबर पुसट असेल तर बाजूने तिरका उजेड टाका, ओल्या बोटाने पुसा, मोबाइलने मोठा फोटो घ्या, वाचता येतो. तरी नाव कळलं नाही आणि जागेवरूनही अंदाज लागत नसेल तर तो पार्ट बोर्डवरच राहू द्या, बोर्ड ठेवायला जागा असेल तर तोच त्याचा सगळ्यात चांगला डबा आहे.

उरलेला सांगाडा अधिकृत ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. जाळायचा नाही, बोर्डमधल्या ब्रोमीनच्या रसायनांचा धूर विषारी असतो. आणि सोनं काढायला अॅसिड वापरण्याचे व्हिडिओ बघून कोणी तसं करत असेल तर त्याला थांबवा, कनेक्टरवरचा सोन्याचा थर मायक्रोमीटरमध्ये मोजायचा असतो आणि त्याच्यासाठी घरात नायट्रिक अॅसिडचा वायू कोंडून घेणं परवडणारं नाही. बॅटऱ्या वेगळ्या द्या, टोकांना चिकटपट्टी लावून.